पंखा बेल्टवरचा की विजेवरचा?

रेडिएटरच्या पंख्याबद्दलचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, तेव्हा वायरिंगकडे उडी मारण्याआधी पहिलं उत्तर वाचून घ्यावं.

प्रश्न : माझी जुनी पेट्रोल गाडी आहे. इंजिन लांबीत बसवलेलं, पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर. सिग्नलला किंवा वाहनांच्या रांगेत अडकलं की टेंपरेचरचा काटा चढतो. मेकॅनिक म्हणतो, हा पंखा काढून इलेक्ट्रिक बसवा. बसवावा का?

उत्तर : आधी एक सांगा, मोकळ्या रस्त्यावर ताशी ७०-८० किलोमीटरने जाताना काटा कुठे असतो? त्या वेगात गाडीच्या चालीनेच रेडिएटरच्या जाळीतून पुरेशी हवा जाते. पंखा असला काय नि नसला काय. म्हणून थांबल्यावर तापणारी आणि पळताना निवणारी गाडी असेल तर दोष हवेच्या बाजूला शोधायचा : पंखा, त्याचा क्लच, बेल्ट, श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण). याउलट पळताना किंवा चढावर तापते आणि उभी केली की निवते, तर पंख्याला हात लावू नका. तिथे रेडिएटरच्या नळ्या गाळाने बुजलेल्या असतात, थर्मोस्टॅट (पाण्याची रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडत असतो, वॉटर पंपाची पाती झिजलेली असतात, नाहीतर खालचा होज मऊ पडून पंपाच्या ओढीने चपटा होत असतो. यातल्या कशावरही नवा पंखा हा उपाय नाही, आणि लोक नेमका तोच आधी आणतात.

रेडिएटरचं झाकणही बघा. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो दाब बारमध्ये. एवढा दाब धरला गेला की पाणी शंभरऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं. झाकणाचं रबर गेलं की दाब टिकत नाही आणि काटा लाल पट्ट्यात पोचण्याआधीच पाणी उसळून बाहेर येतं. झाकण इंजिन पूर्ण थंड असतानाच उघडायचं, हे वेगळं सांगायला नको.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारात बसतं. तरीही पंखा बदलण्याआधी त्याच्याभोवतीचा श्राउड जागेवर आहे का ते पाहा. जुन्या गाड्यांत रेडिएटर दुरुस्तीला उतरवताना श्राउड काढला जातो आणि ‘नसला तरी चालतं’ म्हणून परत बसवला जात नाही. चालत नाही. श्राउडशिवाय पंखा आपल्या वर्तुळापुरतीच जाळी वापरतो, चारही कोपरे वाया जातात. शिवाय मागे फेकलेली गरम हवा पात्यांच्या टोकांवरून वळून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच घुसळत बसतो. पात्याचं टोक आणि श्राउड यांत १५ ते २५ मिलिमीटर अंतर हवं. त्याहून कमी ठेवता येत नाही, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर हलतं आणि श्राउड मात्र रेडिएटरला घट्ट असतो. पात्याची निम्मी रुंदी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर. जाळीपासून पातं निदान २५ मिलिमीटर लांब. बेल्ट व्ही आकाराचा असेल तर दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर दबला पाहिजे. आतल्या बाजूने काचेसारखा चकचकीत झाला असेल तर आवळूनही घसरेल, तो बदलाच.

हे सगळं जागच्या जागी असूनही रांगेत काटा चढत असेल, तर मेकॅनिकचं म्हणणं बरोबर आहे. बेल्टवरच्या पंख्याची मूळ अडचणच ती : हवेची सर्वांत जास्त गरज असते तेव्हा इंजिन सर्वांत हळू फिरत असतं. आयडलला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन नुसतं चालू असताना, सातशे-आठशे फेऱ्यांवर तो जेमतेम हवा ओढतो. विजेच्या पंख्याला इंजिनाच्या फेऱ्यांशी देणंघेणं नाही. हलक्या पेट्रोल गाडीसाठी आणि शहरातल्या वापरासाठी विजेचा पंखाच सरस. अट एकच, अल्टरनेटर पुरा पडला पाहिजे. त्याबद्दल पुढे वायरिंगच्या उत्तरात.

प्रश्न : डिझेल पिकअप आहे, व्हिस्कस क्लचचा पंखा. ट्रेलर ओढतो, घाटातही जातो. इलेक्ट्रिक पंख्याने मायलेज वाढतं असं ऐकलं. बदलू का?

उत्तर : नको.

कारण आकड्यांत आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट मिळते, पण ताकद आठपट लागते. जो पंखा २००० फेऱ्यांना एक किलोवॅट खातो तो ४००० ला आठ खाईल. क्लच नसलेला, पुलीला थेट बोल्ट केलेला पंखा त्यामुळे खरोखरच इंधन खातो, आणि तोही वेगात, म्हणजे त्याची गरज नसताना. ‘इलेक्ट्रिकने मायलेज वाढतं’ ही ख्याती तिथली आहे. तुमच्याकडे व्हिस्कस क्लच आहे, म्हणजे दाट तेलातून पंख्याला पकड देणारा. थंड असताना तो बराच घसरतो आणि पंखा पुलीच्या वेगाच्या वीस-तीस टक्क्यांवरच रेंगाळतो, त्यामुळे वाचण्यासारखं फारसं उरलेलंच नाही.

आता दुसरी बाजू. चांगला १२ व्होल्टचा पंखा २५ अँपिअर घेतो, म्हणजे सुमारे ३४० वॅट. अल्टरनेटर आणि बेल्टमधली गळती धरली तर त्यासाठी इंजिनाकडून सहाशे-एक वॅट जातात. घेतले तेवढे परत मिळत नाहीत. क्लच पूर्ण पकडलेला मोठा यांत्रिक पंखा मात्र अनेक किलोवॅट ताकदीची हवा ओढू शकतो. इंधनातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा कूलंटमधून, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यातून, बाहेर काढावा लागतो. भरलेला ट्रेलर दुसऱ्या गिअरमध्ये घाटात चढवताना इंजिन पूर्ण जोरात असतं, गाडीचा वेग ताशी वीस-पंचवीस आणि वारा शून्य. नेमकं इथे इंजिनाचे फेरे वर असतात, म्हणून बेल्टवरचा पंखा जोरात फिरतो. त्याची आयडलला नडणारी खोड घाटात गुण ठरते. अवजड ओझं ओढणाऱ्या गाड्यांना आजही बेल्टवरचा पंखा का असतो, त्याचं हे उत्तर. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोटारींना विजेचा असतो तो आवडीनिवडीने नव्हे. पुलीचं तोंडच बाजूला असतं, रेडिएटरसमोर पंखा आणायची सोय नाही.

तुमचा क्लच धड आहे का एवढं मात्र तपासा. खालचा प्रश्न त्याचाच आहे.

प्रश्न : व्हिस्कस क्लच गेला हे ओळखायचं कसं? पेटवल्यावर मिनिटभर मोठा घोंघाव येतो, मग थांबतो.

उत्तर : तो घोंघाव चांगल्या तब्येतीचं लक्षण आहे. क्लचच्या आत दाट सिलिकॉन तेल असतं. गाडी उभी राहिली की ते काम करणाऱ्या खाचांत उतरतं, म्हणून सुरुवातीला पकड घट्ट असते. फिरू लागल्यावर तेल साठ्याच्या कप्प्यात जातं आणि आवाज मिटतो. पुढे जाळीतून येणारी हवा तापली, साधारण सत्तर-ऐंशी अंशांच्या घरात गेली, की पुढच्या तोंडावरची दोन धातूंची गुंडाळी वळते, झडप उघडते, तेल परत खाचांत येतं आणि पंखा पकड घेतो. लक्षात घ्या, ती गुंडाळी पाण्याचं नव्हे, हवेचं तापमान ओळखते. जाळी मातीने, किड्यांनी बुजलेली असेल तर गुंडाळीपर्यंत गरम हवा पोचतच नाही आणि धडधाकट क्लचही झोपून राहतो.

तपासणी इंजिन बंद ठेवून करायची. गरम गाडी बंद केल्यावर पंखा हाताने फिरवा. अडखळत, दाट तेलात फिरावा तसा फिरला तर ठीक. एक झटका दिल्यावर दोन-तीन चकरा आरामात मारल्या तर तेल गेलेलं आहे. मध्यापासून बाहेर किरणांसारख्या तेलकट, धुळीने काळ्या झालेल्या रेघा दिसल्या तर गळती डोळ्यांसमोरच आहे. पात्याचं टोक धरून पुढे-मागे हलवा. पाच-सहा मिलिमीटरहून जास्त हललं तर क्लचचं बेअरिंग संपलं. तेव्हाच वॉटर पंपाचा शाफ्टही हलवून बघा, कारण डगमगता पंखा पंपाचं सील खातो. आणि घोंघाव कधीच थांबत नसेल, गाडी पळताना ट्रकसारखी ओरडत असेल, तर क्लच जाम आहे. गाडी तापणार नाही, पण ताकद आणि डिझेल जाईल.

चालू इंजिनात गुंडाळलेलं वर्तमानपत्र घालून पंखा थांबतो का बघण्याची एक जुनी रीत आहे. करू नका. तडा गेलेलं पातं सुटलं की बॉनेट फाडून बाहेर येतं.

नवा क्लच बसवेपर्यंत उभा ठेवावा, गाडीत असतो तसा. आडवा ठेवला की तेल बेअरिंगच्या बाजूने पाझरतं. काही क्लचच्या मोठ्या नटाला उलटे आटे असतात, तेव्हा जोर लावण्याआधी दिशा पाहा. सपाट, अनेक खाचांच्या बेल्टच्या काही इंजिनांत पंप उलटा फिरतो. तिथला पंखा आणि क्लच वेगळे असतात. दिसायला तेच, बोल्टही बसतात, पण हवा येत नाही.

प्रश्न : विजेचा पंखा बसवायचं ठरवलं आहे. वायर, रिले, फ्यूज किती क्षमतेचे? स्विच कुठे?

उत्तर : पंख्यापासून सुरुवात करा. खोक्यावरचा हवेचा आकडा बहुतेकदा पुढे जाळी नसताना मोजलेला असतो, त्याच्यावर जाऊ नका. किती अँपिअर घेतो ते बघा. दहा अँपिअरवर प्रचंड हवा देण्याचा दावा असेल तर तो दावाच असतो. जाळी जवळजवळ पूर्ण झाकणारा श्राउड आणि त्यात मोठा एक किंवा मध्यम दोन पंखे, ही रचना उत्तम. श्राउडला रबरी झापा असतील तर आणखी चांगलं : वेगात गाडी असताना वाऱ्याने उघडतात आणि श्राउडचा अडथळा होत नाही. पंखा रेडिएटरच्या चौकटीला पट्ट्या करून बसवा. जाळीतून आरपार घालायच्या प्लास्टिकच्या पिना मिळतात, त्या टाका. हादऱ्याने पंखा हलत राहतो, पिना नळ्यांना घासतात आणि काही महिन्यांत रेडिएटर ठिबकू लागतो.

आता वीज. पंखा २० अँपिअरचा धरू. चालू होण्याच्या क्षणी तो दोन-तीन पट ओढतो, म्हणून फ्यूज ३० चा, रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) ४० चा, मुख्य वायर ४ चौरस मिलिमीटरची. पंखा ३० अँपिअरचा असेल तर वायर ६ ची आणि फ्यूज ४० चा. रिलेही मग मोठा घ्या किंवा दोन पंख्यांना दोन रिले द्या. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात. तो पंख्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर बेवारस राहते. कुठे घासून बॉडीला लागली तर आग लागेल आणि फ्यूज शाबूत राहील. पंख्याच्या अर्थिंगची वायरही तेवढ्याच जाडीची. रंग खरवडून, थिंबल दाबून, चेसिसला किंवा थेट बॅटरीच्या ऋण टोकाला.

रिलेची जोडणी : ३० वर फ्यूजमधून येणारी बॅटरीची वायर, ८७ वरून पंखा, ८६ वर चावीने चालू होणारी वीज, ८५ थर्मोस्विचकडे (पाणी तापलं की लागणारा स्विच), आणि स्विचचं दुसरं टोक अर्थला. मधल्या टोकावर ८७अ लिहिलं असेल तर तिथे काही लावू नका, तिथे रिले बंद असताना वीज असते. पंख्याची मुख्य वीज चावीमागच्या वायरवरून घेण्याचा मोह टाळा. फिरता पंखा स्वतः जनित्र बनतो. चावी बंद केल्यावर तीच वीज उलटी इग्निशनला जाते आणि इंजिन क्षणभर चालूच राहतं. लोक मग चावीचा स्विच बदलत बसतात.

थर्मोस्विच निवडताना आधी थर्मोस्टॅटचा आकडा वाचा. थर्मोस्टॅट ८२ ला उघडत असेल तर पंखा ९२ ला सुरू, ८७ ला बंद, हा मेळ चांगला. ८० ला सुरू होणारा ‘जास्त थंड’ स्विच घेतला तर थर्मोस्टॅट पाणी त्याखाली जाऊच देणार नाही आणि पंखा दिवसभर फिरत राहील. हे तापमान रेडिएटरमध्ये येणाऱ्या गरम पाण्याचं. बाहेर जाणाऱ्या बाजूला पाणी निवलेलं असतं, तिथे तोच स्विच उशिरा लागेल, म्हणून तिथे खालच्या आकड्याचा घ्यावा. रेडिएटरच्या टाकीत स्विचसाठी आट्यांची जागा नसेल तर वरचा होज कापून मध्ये धातूचा जोड बसवतात. इथे हमखास चूक होते. एका टोकाचा स्विच आपल्या अंगातून अर्थ घेतो, आणि रबरी होजमधला जोड कशालाच टेकलेला नसतो. त्या जोडाला वेगळी अर्थिंगची वायर द्या किंवा दोन टोकांचा स्विच घ्या. आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तरी असाच अर्थ तुटू शकतो.

एसी असेल तर कॉम्प्रेसर चालू झाला की पंखा चालू झालाच पाहिजे, पाणी थंड असलं तरी. नाहीतर उभ्या गाडीत कंडेन्सरचा (एसीच्या जाळीचा) दाब चढतो, गारवा जातो आणि शेवटी कॉम्प्रेसर दाबाच्या स्विचवर बंद पडतो. सोपा मार्ग म्हणजे दुसरा रिले, कॉम्प्रेसरच्या क्लचच्या विजेवर चालणारा, आणि दोन्ही रिलेंचे ८७ एकत्र पंख्याला.

अल्टरनेटरची परीक्षा अशी : आयडलला ठेवा, दिवे, ब्लोअर, एसी, पंखा सगळं चालू करा, आणि मल्टिमीटर थेट बॅटरीवर लावा. १३ च्या वर टिकलं तर उत्तम. काही मिनिटांत १२.६ च्या खाली सरकलं तर पंखा बॅटरीवर जगतोय. अल्टरनेटरवर लिहिलेले अँपिअर वेगात मिळणारे असतात, आयडलला निम्मेही मिळतील असं नाही. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेली जुनी गाडी असेल तर आधी अल्टरनेटर, मग पंखा. डायनॅमो आयडलला जवळपास काहीच देत नाही.

आणि जुना पंखा काढताना एक बारकी गोष्ट. त्याचेच चार बोल्ट बहुधा पुलीही धरून ठेवतात. पंखा नि स्पेसर काढून तेच लांब बोल्ट परत आवळले तर एकतर ते पुली न दाबताच तळाला टेकतात किंवा मागे पंपाच्या अंगाला घासतात. जुन्यांपेक्षा काढलेल्या भागांच्या जाडीइतके आखूड बोल्ट, त्याच मजबुतीचे, घ्या.

प्रश्न : कंपनीचाच इलेक्ट्रिक पंखा आहे. कधी चालतो, कधी नाही. मोटरला टपली मारली की सुरू होतो.

उत्तर : मोटरमधले कार्बन झिजले आहेत. टपलीने ते क्षणभर टेकतात, इतकंच. मोटर बदला, ती एक दिवस टपलीलाही दाद देणार नाही. बदलताना जोडणीचा प्लग पाहा, तपकिरी पडला असेल, वितळला असेल, तर मोटर बऱ्याच दिवसांपासून जास्त अँपिअर ओढत होती. नवी मोटर जळक्या प्लगवर लावू नका. नंतर पंखा चालू ठेवून बॅटरीच्या धन टोकापासून मोटरच्या धन वायरपर्यंत व्होल्ट मोजा. अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर रिले किंवा जोड खराब. अर्थच्या बाजूला ०.२ पुरे. क्षुल्लक वाटतं, पण मोटरला १३.५ ऐवजी १०.५ मिळाले तर वेग आणि हवा वीस-बावीस टक्क्यांनी घटते.

प्रश्न : एसी लावल्यावर पंखा हळू फिरायचा, आता फिरतच नाही. काटा वर गेला की मात्र जोरात सुटतो.

उत्तर : मोटर ठणठणीत आहे. हळू वेगासाठी असलेला रेझिस्टर जळला. तो सहसा श्राउडवरच, हवेच्या वाटेत बसवलेला असतो. दोन पंखे असून रेझिस्टर नसेल तर हळू वेगाला दोन्ही पंखे एकामागून एक जोडले जातात आणि प्रत्येकाला निम्मे व्होल्ट मिळतात. तिथे एक मोटर मेली तरी हळू वेग पूर्ण जातो. दोन्ही मोटरींना वेगवेगळी थेट वीज देऊन बघा.

प्रश्न : गाडी बंद करून उतरलं तरी पंखा फिरत राहतो. बॅटरी उतरेल का?

उत्तर : पाच-दहा मिनिटांत थांबत असेल तर तशीच योजना आहे, इंजिन थांबल्यावर पाणी फिरायचं थांबतं आणि तापमान थोडं चढतं. थांबतच नसेल तर रिले काढा. पंखा थांबला तर रिलेचे संपर्क चिकटले असतील किंवा स्विच अडकला असेल. रिले परत बसवून थर्मोस्विचचा प्लग काढून बघितलं की दोघांपैकी कोण ते कळतं. अशा गाडीत बंद इंजिनावर हात घालतानाही पंख्याचा प्लग आधी सोडवा, तो न सांगता सुरू होतो.

प्रश्न : रेडिएटरमागे जागा नाही. पंखा पुढे लावून वायरी उलट्या जोडल्या तर चालेल ना?

उत्तर : फिरेल, पण पुरणार नाही. पात्याची वक्रता एका दिशेसाठी घडवलेली असते, उलट फिरवलं की हवा बरीच कमी मिळते. काही पंख्यांत पातं शाफ्टवरून काढून पालटता येतं. मग पातं पालटा आणि वायरीही बदला, दोन्ही. नुसतं पातं पालटलं तर पंखा वाऱ्याविरुद्ध फुंकत बसेल आणि ताशी चाळीस-पन्नासला गाडी तापू लागेल, जिथे ती आजवर तापत नव्हती. जाळीसमोर कागद धरून खात्री करा, मागच्या पंख्याने कागद जाळीला चिकटला पाहिजे, पुढच्याने तो जाळीकडे ढकलला गेला पाहिजे. तसाही पुढचा पंखा ही नाइलाजाची सोय आहे : वेगात त्याची मोटर नि पाती वाऱ्याला अडवतात.

प्रश्न : ओढ्यातून गाडी नेताना कोणता पंखा बरा?

उत्तर : विजेचा, आणि त्याला डॅशबोर्डवरून बंद करायचा स्विच असेल तर. ८५ ची वायर त्या स्विचमधून तोडता येते; पलीकडे पोचल्यावर लगेच चालू करायचा. बेल्टवरचा पंखा पाण्यात बुडाला की पाण्याला मागे ढकलतो आणि पाती स्वतः पुढे, जाळीकडे वाकतात. व्हिस्कस क्लच घसरत असेल तर थोडं वाचवतो, थेट बोल्ट केलेला पंखा नाही. अशा गाडीत पाण्यात फेरे चढवू नका, आणि बाहेर आल्यावर जाळीची मागची बाजू बघा. तिथे नवी गोल ओरखड्याची रेघ दिसली तर पुढचे काही दिवस कूलंटची पातळी रोज सकाळी तपासा.